दगडावरची दुसरी ओळ

“छिन्नी लावून तर बघ, धोत्र्या! हात कोपरापासून मोडून ठेवीन तुहा!”

एसटी स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. मारुती धोत्रे, आमच्या वणखेड्याचा पाथरवट, हातोडी खाली ठेवून मुकाट बाजूला झाला. त्याच्यासमोर माणूसभर उंचीचा काळा दगड उभा होता आणि दगडाला पाठ लावून माझी सासू बसली होती. साठीची, काटकुळी बाई. पण त्या दिवशी चार गड्यांनी ओढली असती तरी जागची हलली नसती.

“काकू, त्याला कशाला शिव्या देता? कोरायला मी सांगितलंय,” सुभेदार ठोंबरे म्हणाले.

“मग तुला देते. मेलेल्यांची नावं घाल की तुह्या दगडावर! मी नाही म्हणलंय का? माहा पुंजाराम मेलेला नाही.”

सत्त्याहत्तर साल होतं, होळीचा आदला दिवस. मी म्हातारीची भाकरी घेऊन आले होते. सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून माझ्यावर आल्या. पुंजाराम माझा नवरा. तो मेलाय की जिवंत आहे, यावर भर चौकात भांडण चाललेलं, आणि मला कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

त्या दगडाची हकीकत आधी सांगायला पाहिजे. आमच्या चावडीच्या भिंतीत साहेबाच्या राज्यातली एक फरशी बसवलेली आहे. चौदा सालच्या मोठ्या लढाईत या गावातून सत्तावीस माणसं गेली, त्यांपैकी पाच परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलंय. नाव एकाचंही नाही. ठोंबरे पलटणीतून सुभेदार होऊन घरी आले आणि त्यांनी गावातले जुने शिपाई गोळा केले. म्हणाले, “साहेबानं आपल्या माणसांचा आकडा कोरला. आपण नावं कोरू.” तीन वर्षं खपून त्यांनी स्टँडजवळ ओटा बांधला, दगड आणला. नावं चार होती. बासष्टच्या लढाईतलं एक, पासष्टच्या लढाईतलं एक आणि एकाहत्तरची दोन. प्रत्येक घरातल्या वडील माणसानं होकार दिल्यावरच नाव कोरायचं, असं ठरलेलं. तीन घरांनी होकार दिला. पासष्टचा माणूस आमचा, आणि आमच्या घरात वडील माणूस म्हणजे म्हातारी. धोत्रेनं पहिली ओळ कोरली, तिसरी-चौथी कोरली आणि दुसरीची जागा सोडली. पाडव्याला दगडावरचा पडदा काढायचा होता.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना,” सुभेदार मला म्हणाले.

“माझं कोण ऐकतंय, भाऊजी?”

“ऐकू नको, बोलूही नको,” म्हातारी म्हणाली. “भाकरी ठेव आणि घरी जा. सवाशीण बाई चौकात उभी राहत नाही.”

सवाशीण! सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा दोन सुट्ट्यांपुरता पाहिला. एकोणिसावं संपत होतं तेव्हा पहिला कागद आला, नाईक पुंजाराम सावळीराम आहेर पंजाबच्या हद्दीवर बेपत्ता आहे म्हणून. पुढं दुसरा कागद आला की त्याला मृत समजण्यात यावं. म्हातारीनं मास्तरांकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “समजा म्हणतात ना? ज्याला समजायचंय त्यानं समजावं.” कागद चुलीत गेला. तेव्हापासून अकरा वर्षं मी कपाळभर कुंकू लावत होते. वटाला दोरा गुंडाळत होते, संक्रांतीला वाण लुटत होते. हळदीकुंकवाला बायका मला बोलवायच्या, पण हळद लावताना त्यांचा हात घुटमळायचा. माझ्या पाठीमागं काय बोलतात ते मला ठाऊक होतं. आणि दर शनिवारी कडक उपास. “नवऱ्याच्या आयुष्यासाठी मारुतीला धर,” असं म्हातारीनं सांगितलेलं. ती स्वतःही धरायची. रात्री दोघी समोरासमोर बसून भगर खायचो. शेतातलं निंदणी-खुरपणी, गुरं, दळण, सगळं माझ्या अंगावर. जावं म्हटलं तर जायचं कुठं? नवरा जिवंत असलेली बाई माहेरी काय म्हणून राहील?

माझा भाऊ दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा म्हातारीनं त्याला ओट्यावरूनच हाकलला. तिसऱ्यांदा आला तो त्या माघात. दगडाचं त्याला कळलं होतं. म्हणाला, “गिरजे, एकदा गावाच्या दगडावर नाव येऊ दे. मग म्हातारीला तोंड राहणार नाही. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून आलोच म्हणून समज.”

माझं सगळं त्या एका ओळीवर अडलं होतं. मी तीस वर्षांची होते. अजून काही होण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी मी म्हातारीपुढं बसले. म्हटलं, “आत्याबाई, हो म्हणा. मी हात जोडते.”

“कशाला? रंडकी व्हायची घाई झाली?”

“माणूस अकरा वर्षांत एक कार्ड टाकत नाही का?”

“कैदेत आसंल.”

“कैदी सगळे सुटून आले.”

“सगळे आले हे तुला कुणी सांगितलं? मोजायला गेली व्हतीस? माह्या सासऱ्याचं नाव चावडीच्या फरशीवर नाही. काय अडलं त्यांचं? दर साल धुळवडीला वीर होऊन नाचतातच की.”

“म्हणजे पुंजारामाचं नाव टाकायचं नाही ते नाहीच?”

“मी मेल्यावर टाक. मग तुला कोण अडवतंय?”

मला इतका संताप आला की परातीतलं पीठ तसंच टाकून मी गोठ्यात जाऊन बसले. मनात आलं ते सगळं म्हशीला बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी होळी. नेमकी शनिवारी आली. पुरणाच्या पोळ्या मी केल्या, पण आम्ही दोघींनी तोंडात घातल्या नाहीत. माझा चुलतदीर भिका शेजारच्याच घरात राहायचा, त्याची पोरंबाळं जेवली. म्हातारी भगर खाता खाता म्हणाली, “सणाच्या दिवशीसुद्धा नवऱ्यासाठी उपाशी राहते, अशी सून पंचक्रोशीत नाही.” मला तेव्हा ते बोलणं बरं वाटलं होतं. आठवलं की आज माझाच मला राग येतो.

रविवारी धुळवड. आमच्याकडे धुळवडीला वीर निघतात. घरातला कुणी लढाईत पडलेला असला की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा बोटभर चपटा तुकडा, त्यावर माणसाची आकृती उठवलेली. तो खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल फडक्यात बांधतात आणि घरातला पुरुष ते गाठोडं छातीशी धरून हलगीवर नाचत नदीवर नेतो. आमचा वीर म्हणजे म्हातारीचा सासरा, चावडीच्या फरशीवरच्या पाचांतला एक. गाठोडं भिका नाचवायचा. बायकांनी दारात पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं. गाठोड्याला सुनेनं हात लावायचा नाही. रंगपंचमीपर्यंत ते देव्हाऱ्यात राहायचं आणि मग म्हातारीच्या पेटीत. पेटीची किल्ली तिच्या कमरेला.

भिका नाचत दारात आला. मी पाणी घातलं, आरती घेऊन पुढं झाले, आणि हलगी थांबली. कातडं ढिलं पडलं होतं. हलगीवाला ते शेकायला होळीच्या निखाऱ्यांकडे गेला. भिकाच्या अंगात मात्र वीर होता, तो जागच्या जागी थरथरत राहिला. त्याच्या छातीशी गाठोडं हलत होतं आणि आतून आवाज येत होता. खण्ण. खण्ण.

मी तशीच उभी राहिले. खोबऱ्याच्या वाटीत एकटा टाक वाजेल कशावर? चांदीवर चांदी आपटत होती.

“ओवाळ की! बघतीस काय?” म्हातारी मागून खेकसली.

मी ओवाळलं. हलगी पुन्हा सुरू झाली. दर वर्षी हलगीच्या दणक्यात ते कुणाला ऐकू जाणार होतं? दोन दिवस माझ्या कानातून तो आवाज हलला नाही. आमच्या घरात लढाईत पडलेला माणूस एकच होता. निदान मला तसं सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी म्हातारी दगडाची राखण करायला स्टँडवर गेली. मी आंघोळ केली, दाराला आतून कडी लावली आणि देव्हाऱ्यापुढं बसून गाठ सोडली.

वाटीत दोन टाक होते. एक जुना, झिजून नाकडोळे सपाट झालेला, हातात तलवार. दुसऱ्याच्या कडा अजून बोटाला लागत होत्या. त्या माणसाला मिशा होत्या. खांद्यावर बंदूक होती.

रडू आलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? नाही आलं. अंग पेटलं. मी वाटी फडक्यासकट उचलली, पदर खोचला आणि भर रस्त्यानं स्टँडवर निघाले. सुनेच्या हातात वीराचं गाठोडं बघून बायका दारातून ओरडत होत्या. ओरडोत.

ओट्यावर म्हातारी बसलेली, सुभेदार, धोत्रे, आणि शेजारच्या दुकानातला दुसाने सोनार चहा पीत उभा. मी सरळ दुसान्यांपुढं वाटी धरली.

“काका, हा बंदूकवाला टाक कुणी केला?”

दुसान्यांनी टाक बघितला. मग म्हातारीकडे बघितलं. चहा खाली ठेवला.

“खोटं बोललात तर तुमच्या दुकानापुढं बसून राहीन,” मी म्हटलं.

“मी केला,” दुसाने म्हणाले. “खोटं कशाला बोलू? पासष्टच्या पुसात केला. काकू म्हणाल्या, सासऱ्याचा टाक झिजलाय, नवा कर. बंदूक घाल म्हणाल्या, म्हणून घातली.”

“झिजला म्हणून नवा केला, तर जुना नदीत सोडायला हवा होता. दोन्ही का नाचताहेत?”

मी ओट्यावर चढले. म्हातारी उठून उभी राहिली होती.

“आत्याबाई, हा कोण?”

“गाठोडं इकडं दे. बाटवलंस तू ते.”

“हा कोण, ते सांगा. जित्या माणसाचा टाक करतात का?”

सुभेदार पुढं आले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“वहिनी, आता तुमच्या हातात टाक आहे. आता मी बोललो तर शपथ मोडत नाही. तो माझ्या शेजारी पडला. मी डोळ्यांनी बघितला. अंग मागं आणता आलं नाही, म्हणून कागदावर बेपत्ता. मार्गशीर्षात सुट्टीवर आलो तेव्हा आधी काकूंना सांगितलं. तुम्ही भावाच्या लग्नाला गेला होता. काकूंनी देव्हाऱ्यापुढं माझ्याकडून बेलभंडारा उचलून घेतला की गिरजाला आणि गावाला माझ्या तोंडून कळायचं नाही.”

भावाच्या लग्नाहून मी परत आले ती संध्याकाळ मला लख्ख आठवली. म्हातारीनं कासाराला घरी बोलावून ठेवलं होतं. माझे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं कोपरापर्यंत भरले. मला वाटलं, केवढी माया करते ही बाई!

“आणि तुम्ही अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात?” मी सुभेदारांना म्हटलं.

“भंडारा उचलला होता. तोंडानं सांगता येत नव्हतं. दगडावर नाव आलं असतं तर न बोलता तुमची सुटका झाली असती. दगड त्यासाठी आणला, वहिनी. बाकीची तीन नावं नंतर सुचली.”

“शाबास! माणूस तोंड उघडत नाही आणि दगडाला बोलायला सांगतो. माझी अकरा वर्षं तुमच्या भंडाऱ्यात गेली, भाऊजी.”

ते मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. मी म्हातारीकडे वळले.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

आता गाव गोळा झालं होतं. मला खोटं बोलता आलं असतं.

“नसते थांबले.”

“मग?” म्हातारी म्हणाली. तिला वाटलं, जिंकली. “नवरा गेला, पोरगा गेला. घरात तू तेवढी व्हतीस. तुलाबी जाऊ द्यायची आणि मी भिताडांशी बोलायचं का?”

“म्हणून मेलेल्या नवऱ्यासाठी माझ्याकडून वटाला फेरे घालून घेतलेत? माझ्या पाठीमागं उभ्या राहून मोजायच्या तुम्ही! सहाच झाले, सातवा घाल म्हणून!”

“घालून घेतले. काय झिजलं तुहं?”

मी तिच्यावर हात उचलला. उचलला, खोटं कशाला सांगू? धोत्रेनं मध्ये येऊन माझं मनगट धरलं. तो एवढंच म्हणाला, “बाई, मी ओळ कोरतो. तुम्ही बसा.”

त्यानं छिन्नी लावली. या वेळी म्हातारी आडवी आली नाही. ती ओट्याच्या कडेला बसून नुसती बघत राहिली. नाव पुरं व्हायला दुपार झाली. कुणी घरी गेलं नाही. धोत्रेनं फुंकर मारून चुरा उडवला आणि विचारलं, “सुभेदार, बाकीच्यांना नुसतं साल घातलंय. इथंबी पासष्टच घालू ना?”

“घाल,” सुभेदार म्हणाले.

“नुसतं साल नको,” म्हातारी म्हणाली.

धोत्रेनं वळून तिच्याकडे बघितलं.

“तारीख घाल. अकरा सप्टेंबर. अन् वारबी घाल. शनिवार.”

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि मी वाटी मांडीवर घेऊन खाली बसले. अकरा वर्षांचे शनिवार. मी समोर बसून नवऱ्याच्या आयुष्यासाठी भगर खात होते आणि ही समोर बसून त्याच्या मरणाचा दिवस पाळत होती. एका पातेल्यातली भगर, दोघींचे उपास दोन. एकटीला पाळवत नव्हता म्हणून मला फसवून सोबतीला बसवलं होतं.

धोत्रेनं शनिवार कोरला. मी दोन्ही हात ओट्याच्या दगडावर आपटले. चुडा फुटला, मनगटातून रक्त आलं. म्हातारी उठली, माझ्या मांडीवरच्या वाटीतून दोन्ही टाक काढून घेतले, कमरेला खोचले आणि घरी निघून गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही की दगडाकडेही बघितलं नाही.

भाऊ दोन दिवसांनी गाडी घेऊन आला, रंगपंचमीला. मी दोन लुगडी बांधली. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी पाया पडले नाही. बैल हलले तेव्हा ती ओरडली, “गिरजे! शनिवार सोडू नको!”

“तो तुमचा शनिवार आहे!” मी गाडीतून ओरडले. “तुम्हीच धरा!”

दुसऱ्या वर्षी माझा पाट लागला. माणूस सरळ होता. दोन मुलं झाली, आता नातवंडं आहेत. म्हातारी त्यानंतर आठ वर्षं जगली. शेवटी तिचं भिकाच्या बायकोनं केलं. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कपाशी वेचत होते. वेचत राहिले.

वणखेड्याला मी मुद्दाम कधी गेले नाही. परवा नातीकडे जाताना एसटी तिथं थांबली. दगड आहे अजून. ओट्याला रंग दिलाय. शाळेच्या बाई मुलींना घेऊन आल्या होत्या, चार नावं वाचून दाखवत होत्या. एका मुलीनं विचारलं, “बाई, ह्या एकाच्याच नावापुढं वार का लिहिलाय?”

बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “कोरणाऱ्यानं घातला असेल चुकून,” त्या म्हणाल्या.

मी खिडकीतच बसले होते. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं इतक्या जवळ. मी मारली नाही. त्या दिवशीही शनिवार होता. दर शनिवारी करते तशी मी उजाडल्या उजाडल्या भाकरी खाऊन निघाले होते. पहिला घास अजून अडकतो. पाणी पिऊन उतरवते.